कपिलेकाठी, अडीच फुटांखाली

म्हैसूरला जाऊन आले म्हटलं की लोक राजवाड्याचं विचारतात. राजवाडा मी पाहिला नाही. चामुंडीच्या डोंगरावरही गेले नाही. चार दिवसांत मी काय पाहिलं तर एक खड्डा. त्याच्याबद्दल सांगायला लागले की ऐकणारी माणसं घड्याळाकडे बघतात, म्हणून लिहून काढते आहे.

माझं आयुष्य मातीत गेलं, अगदी शब्दशः. मृदा सर्वेक्षणाच्या नोकरीत तीस वर्षं खड्डे खणले आणि आता कोल्हापुरात निवांत बसले आहे. निवांत म्हणजे कुणी बोलावलं की पिशवीत गिरमिट घालून निघायचं. गिरमिट म्हणजे लोखंडी दांडा, टोकाला पिळाचं पातं. जमिनीत फिरवत घातला की खालची माती वर घेऊन येतो. गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "हे काय हो?" मी सांगितलं तर त्यांनी पाय जवळ ओढून घेतले.

या वेळी बोलावणं अपर्णाचं होतं. अपर्णा माझ्या गेलेल्या बहिणीची मुलगी. तिचं सासर म्हैसूरचं मराठी. पूर्वज जुन्या म्हैसूर सैन्यात शिपाई म्हणून आले आणि तिथलेच झाले. नवरा गुरुराज हेब्बाळला कॉम्प्युटर कंपनीत आहे. दोघांनी गावाबाहेर, कपिला नदीच्या बाजूला, घर बांधायला प्लॉट बघितला होता. तिकडे त्याला साइट म्हणतात. सोमवारी खरेदीखत व्हायचं होतं. "तू एकदा बघून जा मावशी," ती फोनवर म्हणाली, आणि मग जरा थांबून, "आणि चांगली आहे म्हण."

मंडी मोहल्ला, बुधवार

अपर्णाचं भाड्याचं घर बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर. खाली मिरची-हळदीची ठोक दुकानं, त्यामुळे जिना चढेपर्यंत चार शिंका येतात. अकरा वर्षं ती तिथे राहते आहे. जेवायला अवरेकाईची आमटी होती. अवरेकाई म्हणजे आपला पावटाच, पण हे लोक तो भिजवून, एकेक दाणा चिमटीत दाबून साल काढतात. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि कोल्हापुरात आपण पावट्याला सालासकट शिजवून किती उद्धटपणे वागवतो याचा विचार केला.

घरात तिसरं माणूस गुरुराजच्या वडिलांची बहीण, तुळजात्ते. वय ऐंशीच्या आसपास. एका ऑफिसात हेडक्लार्क होत्या, लग्न केलं नाही, अजून पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. आत्याला तिथे अत्ते म्हणतात. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि दोन्ही कमीच. गुडघे गेलेत. नव्या घरात तळमजल्यावरची खोली त्यांच्यासाठी, असं गुरुराजने कागदावर काढूनही ठेवलं होतं.

संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "चौकाबारा येतो का ग?" येत नव्हता. खुर्चीतून वाकून त्यांनी स्टुलावर खडूने पट काढला, पाच आडवी आणि पाच उभी घरं, मधल्या घरात फुली, चारी कडांच्या मध्यावर फुली. हात सरावाचा होता, पण तिसरी आडवी रेघ मध्यावर आल्यावर त्यांनी मुद्दाम खाली घसरवली आणि तशीच पुढे नेली.

"अत्ते, ही वाकडी झाली," मी म्हटलं. मला सवय आहे.

"वाकडीच असतो तो," त्या म्हणाल्या.

दान टाकायला त्यांनी चार फोडलेले चिंचोके काढले. मी म्हटलं, आमच्याकडे असले खेळ कवड्यांनी खेळतात. अपर्णाने मला डोळ्यांनी गप्प केलं आणि मग स्वयंपाकघरात सांगितलं, "कवडीचं नाव काढू नकोस. या घरात कवडी येऊ देत नाहीत त्या. लग्नात मी आईची परडी आणली होती ना भवानीची, त्यातल्या कवड्या काढून परत पाठवायला लावल्या. का, ते गुरुराजलाही माहीत नाही." मी देव्हाऱ्यात जाऊन पाहिलं. घराणं तुळजाभवानीचं, म्हातारीचं नावही तुळजा, आणि देवीच्या गळ्यात कवड्यांची माळ नाही. मला ते फार विचित्र वाटलं, पण पाहुणीने किती विचारायचं.

नदीकाठ, गुरुवार

सकाळी चौघं गाडीने निघालो. संक्रांत दोन दिवसांवर होती. वाटेत उसाच्या मोळ्या, रंगवलेली शिंगं. नदीकडे वळलो आणि धुकं लागलं. इतकं की गुरुराजने गाडी चालण्याच्या वेगाने नेली.

वसाहतीला मोठी कमान आहे. आत डांबरी रस्ते, दिव्याचे खांब, कोपऱ्यात मुलांची बाग आणि तिच्यात पिवळी घसरगुंडी. घर मात्र एकही नाही. धुक्यात ती घसरगुंडी एकटी उभी होती आणि तिच्या पायऱ्यांवरून पाणी ठिबकत होतं. दिव्याचे खांब पाहिले. सगळे थोडे थोडे कलले होते, आणि एकाच बाजूला, नदीकडे. मी गुरुराजला दाखवले तर तो म्हणाला, "कॉन्ट्रॅक्टर तसाच, मावशी. सुम्ने टेन्शन नको. साइट फर्स्ट क्लास आहे, अष्टे." सुम्ने म्हणजे उगाच, अष्टे म्हणजे बस, एवढंच.

राखणदार सिद्दप्पा कांबळं पांघरून आला. प्लॉटच्या चारी कोपऱ्यांना पांढरे रंगवलेले नंबराचे दगड होते. एकोणीस नंबरचा दगड जमिनीवर वीतभरच दिसत होता. मी विचारलं तर सिद्दप्पाने हाताने सांगितलं, दरवर्षी खाली जातो, दरवर्षी वर काढून परत बसवतो. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. गुरं बाहेर काढतात तसं एक काम, एवढंच.

जमीन वरून सुरेख होती. कोरडी, सपाट, फिकी तपकिरी, बारीक भेगाळलेली. कुणीही भुलावं अशी. पण गवत पाहिलं तर जागोजाग लव्हाळा, ओलीतच वाढणारा. पाऊस संपून दोन महिने होऊन गेलेत आणि लव्हाळा हिरवागार. मला तेव्हाच चैन पडेना.

अत्ते गाडीत बसून राहतील असं वाटलं होतं. पण त्या उतरल्या. काठी टेकत प्लॉटच्या मध्यापर्यंत गेल्या, नदीच्या वळणाकडे बघितलं, मग पलीकडच्या काठावरच्या देवळाच्या शिखराकडे, आणि खाली वाकून तळवा जमिनीवर टेकला. गुडघे गेलेलं माणूस इतकं वाकलेलं पाहून मी धावले.

"नेलं," त्या म्हणाल्या.

"काय नेलं, अत्ते?"

"इदे नेलं. आमचं." तळवा तिथेच. "थण्णगे आहे बघ. नेलं."

अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. धुकं, ती घसरगुंडी, आणि ऐंशी वर्षांची बाई जमिनीला हात लावून सांगते आहे की नेलं. कुणी नेलं, काय नेलं, काही कळेना. अपर्णाने त्यांना धरून गाडीत बसवलं.

मी कामाला लागले, कारण भीती वाटली की मी कामाला लागते. पहिला फूटभर गाळवट माती, पुरात नदीने आणून पसरलेली मळी. दीड फुटावर माती बदलली. राखाडी रंग आला, आणि राखाडीत गंजाचे ठिपके. जिथे जुनी मुळं गेली होती तिथे त्यांच्या पोकळ वाटांना आतून तांबडं अस्तर, रक्तवाहिन्या असतात तसं. हे ठिपके म्हणजे मातीची स्मरणवही. पाणी चढतं तेव्हा मातीला श्वास मिळत नाही आणि ती राखाडी पडते. पाणी उतरतं तेव्हा हवा शिरते आणि मातीतलं लोखंड गंजतं. जिथून ठिपके सुरू होतात तिथपर्यंत पाणी दरवर्षी येऊन राहतं. मग वर कितीही भेगा पडोत.

अशा जमिनीला आमच्या अहवालात शब्द आहे, "काहीसा निकृष्ट निचरा." या "काहीसा"ला मी आयुष्यभर घाबरत आले. स्थळ सांगताना मुलगा काहीसा रागीट आहे म्हणतात ना, तसा तो शब्द. ऐकणारा "काहीसा" ऐकतो आणि पुढचं सोडून देतो. धड पाणथळ असती तर कुणी फिरकलं नसतं. धड निचऱ्याची असती तर प्रश्नच नव्हता. ही मधली जमीन हिवाळ्यात गोड बोलते आणि लोक तिच्यावर घरं बांधतात. मी एकदा एका गावाच्या अहवालात हाच शब्द लिहून घरी गेले होते. पुढे तिथे काय झालं ते पुन्हा कधीतरी आठवेन. आठवायला मला आवडत नाही.

अडीच फुटांवर गिरमिट थांबलं. टक्. दगड असेल म्हणून पाच पावलं सरकून दुसरीकडे घातलं. अडीच फूट, टक्. तिसरीकडे, तोच आवाज, तीच खोली. दांड्यावर मी बोटाने खूण केली होती, तिन्ही वेळा ती बोटाखालीच आली. नदीचं काम असं नसतं. नदी कुठे फूटभर टाकते, कुठे हातभर. इतकं सपाट फक्त माणूस करतो. गिरमिटाच्या टोकाला लालसर भुकटी लागली होती. गंजाची नव्हती, मी हजारदा पाहिलेला गंज ओळखते.

परतताना मी गाडीत हळूच विचारलं, "गुरुराज, अत्ते कुणाला नेलं म्हणत होत्या?"

तो आधी गोंधळला, मग स्टिअरिंगवर हात आपटून हसला. "अय्यो मावशी, नेल. कन्नडात नेल म्हणजे जमीन. घरातली फरशी पण नेलच. तुमचं 'घेऊन गेलं'वालं नाही."

अपर्णाही हसली, मीही हसले. तीस वर्षं जमिनीची नोकरी केली आणि जमिनीला जमीन म्हटलेलं कळलं नाही. म्हातारी बिचारी एवढंच सांगत होती की जमीन गार आहे. मागच्या सीटवर अत्ते खिडकीबाहेर बघत होत्या. त्या हसल्या नव्हत्या.

खालच्या राखाडी मातीचं एक ढेकूळ मी वर्तमानपत्रावर ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याच्या कडा तपकिरी झाल्या, झोपायच्या वेळी तर वरून ते लालसर झालं होतं. हवा लागली की असं होतं, यात जादू काही नाही, मी स्वतः विद्यार्थ्यांना दाखवत आले. पण अपर्णा दारात उभी राहून ते बघत होती आणि म्हणाली, "मावशी, ते बाहेर ठेव ना." मी गॅलरीत ठेवलं.

नदीकाठ, शुक्रवार

गुरुराजने सुट्टी घेतली. विकणाऱ्याने खणून बघायला परवानगी दिली होती, त्याला काय फरक पडणार होता. सिद्दप्पाने खणलं, गुरुराजने घमेली उचलली, मी खड्ड्याच्या भिंती खरवडून थर मोजले. जिथून गंजाचे ठिपके सुरू झाले तिथे मी एक काडी खोचली.

"इथपर्यंत पाणी येतं," मी म्हटलं.

"आता तर कोरडं आहे, मावशी."

"आता आहे."

अडीच फुटांवर कुदळ वाजली. मी सगळ्यांना थांबवलं, खड्ड्यात उतरले आणि हाताने गाळ काढायला बसले. खालून लाल सिमेंटची जमीन निघाली. घोटलेली, गुळगुळीत, अजून बोट फिरवलं तर चमकेल अशी. भिंती नव्हत्या. मातीच्या असतील, त्या मातीत गेल्या. आम्ही कुणाच्या तरी घरात उभे होतो आणि त्या घराचं छप्पर आता धुकं होतं.

गाळ मी मूठमूठ कुस्करून बाहेर टाकत होते, सवयीने, काही सापडतं का बघत. एका कोपऱ्यात सिमेंटवर रेघा लागल्या. ओलं असताना टोकदार कशाने तरी ओढलेल्या. मी पाणी मारून पुसल्या. पाच घरं आडवी, पाच उभी, मध्ये फुली.

"चौकाबारा," गुरुराज वरून म्हणाला.

मग आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं. तिसरी आडवी रेघ मध्यावर खाली घसरली होती आणि तशीच पुढे गेली होती. खड्ड्याच्या काठावर बसून गुरुराजने मोबाइलवर फोटो काढला. माझ्या पायांजवळ, खड्ड्याच्या भिंतीतून, पाणी पाझरायला लागलं होतं. मी वर आले आणि हात पदराला पुसत राहिले.

घरी आल्यावर त्याने मोबाइलवरचा फोटो अत्तेंसमोर धरला. त्यांनी चष्मा लावला. पेपर वाचतात तसा तो फोटो वाचला. मग त्या घसरलेल्या रेघेवर बोट ठेवलं.

"खिळा घसरला," त्या म्हणाल्या. "सिमेंट ओला होता. अप्पांनी दोघींना मारलं."

"दोघी कोण?" गुरुराज म्हणाला. त्याला आयुष्यभर हेच माहीत होतं की त्याचे वडील आणि अत्ते, दोनच भावंडं.

"मी, अक्का. तुझा बाप नंतरचा." त्यांनी फोन मांडीवर उपडा ठेवला. "शेत होतं आमचं तिथं. अप्पांनी शहरासारखं लाल नेल करून घेतलं, केवढा अभिमान त्यांना. पाणी आलं तेव्हा दुपार होती. ऊन होतं स्वल्प. आम्ही बांधावर उभे. मी रडायला लागले, कवड्या आत राहिल्या म्हणून. अक्का म्हणाली, थांब, आणते. घोट्याएवढं तर पाणी, अष्टे."

"मग?"

"नेल."

खाली कुणीतरी टेंपो मागे घेत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला. गुरुराजने अगदी लहान आवाजात विचारलं, "कुठलं नेल, अत्ते?"

"तुझ्या मावशीचं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

अपर्णा रडायला लागली. मला रडू आलं नाही, मला स्वतःचा राग आला. आदल्या दिवशी गाडीत आम्ही तिघं हसलो होतो, आणि मी पहिल्यांदा ऐकलं होतं तेच बरोबर होतं.

"आधी का नाही सांगितलं?" गुरुराज म्हणाला.

"तू इतका खुशीत. आणि सगळं बदललंय, रस्ते, दिवे. मला वाटलं, दुसरीकडं असेल. हात ठेवला तेव्हा कळलं."

मला अपर्णाला सांगायचं होतं, पाणी, पाया, भिंतींचा ओलावा, असं सगळं. चार पानांचा अहवाल डोक्यात तयार होता. तिने मला बोलूच दिलं नाही. डोळे पुसून ती नवऱ्याला म्हणाली, "फोन कर. नको म्हणून सांग." अकरा वर्षं त्या जिन्यावर शिंकलेली बाई ती. गुरुराज फोन घेऊन गॅलरीत गेला. काचेतून तो मान हलवताना दिसत होता, आणि त्याच्या पायाशी ते ढेकूळ, आता सगळंच तांबडं झालेलं.

पुन्हा नदीकाठ, शनिवार

संक्रांतीचा दिवस. तिकडे तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, फुटाणे असं सगळं मिसळून घरोघर देतात आणि आपल्यासारखंच गोड बोलायला सांगतात. अपर्णाने सकाळी माझ्या हातावर ते ठेवलं आणि आत वळली. मी तिला हाक मारून जवळ घेतलं. बहिणीची आठवण आली.

अत्तेंनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. "मला दाखवा," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी ऊन होतं, धुकं नव्हतं. सिद्दप्पा खड्ड्याजवळ उभा होता, आणि त्याने आम्हाला पाहून फक्त खाली बोट दाखवलं. खड्डा भरला होता. पाऊस नाही, नदी दूर, खाली वाळूतून वाहत असलेली. रात्रीतून पाणी आपलं आपण वर येऊन माझ्या काडीच्या चार बोटं खाली थांबलं होतं. लाल जमीन दिसत नव्हती. पाणी राखाडी, हलत नसलेलं, आणि त्यात आम्ही पाच जण वरून वाकलेले.

गुरुराजने अत्तेंना दंडाला धरलं होतं. त्यांनी पाण्यात बराच वेळ पाहिलं. मग मान वर न करता मला विचारलं, "तू हात घातला होतास ना ग सगळीकडं?"

"हो अत्ते. कोपरा न् कोपरा."

"कवड्या मिळाल्या?"

खोटं बोलायचा मोह झाला. एखादी सापडली म्हणावं, बाजारातून आणून द्यावी. पण मातीबद्दल मी कधी खोटं लिहिलं नाही. "नाही मिळाल्या," मी म्हटलं. "मूठ न् मूठ गाळ मी कुस्करून पाहिला होता. नव्हत्या."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर काही सुटल्यासारखं दिसलं, इतक्या दिवसांत प्रथमच.

"मग तिच्या मुठीत असतील," अत्ते म्हणाल्या, आणि सिद्दप्पाला खड्डा बुजवायला सांगितलं.